कमलकाकूंची मागची सीट

गॅरेजवर गाडी वर चढवली की गाडीच्या मालकाला करायला काही उरत नाही. मग तो बोलतो. चहा येतो, दुसरं गिऱ्हाईक येऊन टेकतं, तेही बोलतं. मलकापूरच्या हायवेवर इतकी वर्षं असं ऐकून माझ्याकडे पार्ट कमी आणि किस्से जास्त साठलेत. त्यातले दामूकाकांच्या गाडीचे किस्से आमच्याकडे सगळे हसत सांगतात. मी सांगायला लागलो की माझं हसू अर्ध्यात थांबतं, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

दामूकाका वडनेर भोलजीचे, भाजीपाल्याचे व्यापारी. कमलकाकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, मणका खराब झालेला. उपचाराला सारखं अकोल्याला न्यावं लागायचं आणि रस्त्यातला एकेक खड्डा काकूंच्या पाठीत जायचा. काका नागपूरला एका डॉक्टरांची जुनी परदेशी गाडी पाहायला गेले. चक्कर मारून पाहताना काकू मागच्या सीटवर आडव्या झाल्या आणि चक्क झोपल्या. काकांनी भावसुद्धा केला नाही. सकाळी कोथिंबिरीच्या जुडीवरून भांडणारा माणूस!

त्या गाडीचे मागचे शॉक ॲब्सॉर्बर वेगळे होते. मागे कितीही वजन टाका, थोडी चालली की गाडी आपोआप उचलून सरळ होणार. काकूंची झोप त्या शॉकमुळे होती. आणि एक दिवस ते शॉकच गेले.

*

शॉक गेल्यावर गाडी मागून बसली. रिकामी असली तरी पोतीच्या पोती भरल्यासारखी दिसायची.

नांदुऱ्याजवळ नाकाबंदीत अडवलं. पोलीस म्हणाला, मागे काय भरलं? काका म्हणाले, काही नाही. रिकामी गाडी एवढी बसते का, म्हणून त्यानं डिक्की उघडायला लावली. आत एक गोधडी, एक उशी आणि गरम पाण्याची पिशवी.

"हे काय आहे?"

"दुखणं हाय साहेब," काका म्हणाले. "बाकी काही नाई."

पोलिसानं मागच्या सीटवर आडव्या झालेल्या काकूंकडे पाहिलं आणि डिक्की स्वतःच हळू लावली.

*

मी मुंबईला फोन करून ओरिजिनल शॉकचा भाव विचारला आणि काकांना सांगितला.

"शेखर, शॉक विचार म्हटलं होतं," काका म्हणाले. "गाडी आहे आपल्याजवळ."

तरी मागव म्हणायला त्यांनी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात मागच्या सीटवरून काकू बोलल्या, की एवढ्या पैशात पोराचं दुकान उभं राहते, साधे टाका. मी समजावलं, काकू, या गाडीत अर्धं वजन शॉकच उचलतात, खालच्या स्प्रिंगा नरम आहेत, साधे शॉक टाकले तर गाडी बसलेलीच राहील. काकूंनी ऐकून घेतलं.

"पाठ माही हाय. दुखली त मी सांगीन ना."

काका मला बाजूला घेऊन म्हणाले, तिच्यापुढे माझं काही चालत नाही. साधे शॉक टाकले.

*

आणि गाडी बसलेलीच राहिली. मी सांगितलं होतं, पण आमचं कोण ऐकतं!

त्यात काका उंद्रीला नातेवाइकाच्या लग्नाला निघाले, गाडी माणसांनी भरून. गावाच्या अलीकडे स्पीड ब्रेकर आला आणि गाडीचं पोट घासलं. काकांनी सगळ्यांना खाली उतरवलं, फक्त काकूंना बसू दिलं. पुढे आणखी ब्रेकर होते. प्रत्येक वेळी कोण चढ-उतर करणार, म्हणून पाहुणे चालतच निघाले. पुढे हळूहळू गाडी, मागे नटूनथटून पाहुणे. मांडवातल्या बाया धावत बाहेर आल्या, त्यांना वाटलं नवरी आली.

काकू काचेतून हात जोडत म्हणाल्या, "माहं झालं बाप्पा, लय वर्षं झाले."

या किश्शावर गॅरेज अजूनही हसतं. लग्नाहून आल्यावर पाठ कशी आहे विचारलं तर काकू म्हणाल्या, "बरं वाटते."

*

मग काकांनी कुठून तरी मालवाहू गाडीच्या कडक स्प्रिंगा आणल्या. लय स्वस्त, आणि मजबूत म्हणे. मी चिडलोच. म्हटलं काका, या स्प्रिंगा टमाट्यांसाठी आहेत, माणसासाठी नाहीत. पण आणल्या तर बसवल्या. गाडी मागून अशी उठली की हेडलाइटचा उजेड जमिनीवर पडायला लागला. रिकामी चालली की दणादण आपटायची.

काकांनी त्यावर उपाय काढला. डिक्कीत कांद्याची पोती टाकली. वजन आलं, स्प्रिंगा दबल्या, गाडी जरा मऊ झाली. काकूंना घेऊन खुशीत अकोल्याला गेले.

दवाखान्याच्या आवारात डिक्की उघडली तर कोणीतरी विचारलं, कांदा कसा दिला? झालं! काकू आत तपासणीला आणि बाहेर काकांचा बाजार. आयुष्यभराची सवय, विचारणाऱ्याला नाही म्हणता येईना. काकू बाहेर येईपर्यंत पोती रिकामी.

येताना वडनेरपर्यंत सगळा रस्ता कडक स्प्रिंगांवर. काकांनी घरी पोचून विचारलं, लय त्रास झाला का?

"कायचा त्रास? बरं वाटते."

*

पण त्या परतीच्या रस्त्यात काकांची नजर एकदा आरशात गेली होती. काकूंनी दारावरचं हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं आणि पदर दातात दाबला होता. नजरानजर झाली तशा त्या हसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघंही गॅरेजवर आले. काकूंना लिंबाच्या सावलीत खुर्ची दिली. काका म्हणाले, तू चालव शेखर, मी मागे झोपून पाहतो. काकूंची उशी घेतली आणि काकू झोपतात तसे आडवे झाले. मी म्हटलं हळू घेतो.

"नाई. मी चालवतो तशी चालव."

वडनेरच्या फाट्यापर्यंत गेलो आणि गाडी वळवली. पुलाच्या सांध्यावर गाडी आपटली तेव्हा मागून श्वास ओढल्याचा आवाज आला. थोडं पुढे गेल्यावर काकांनी गाडी बाजूला घ्यायला लावली आणि तसेच पडून राहिले.

"थे माह्याशी खोटं बोलून राह्यली शेखर. कवापासून बोलून राह्यली."

मी समोर रस्त्याकडे पाहत बसलो.

गॅरेजवर काका कमरेला हात लावून उतरले, काकूंनी पाहिल्याबरोबर हात काढला.

"काय हो, कशी वाटली?"

"एक नंबर. पाण्यावानी चालते."

"मंग? मी काय म्हणत होती!"

काका माझ्याजवळ आले आणि काकूंकडे पाठ करून हळूच म्हणाले, "खोल हे सारं. ओरिजिनल मागव. तिले सांगू नको."

मी जॅक लावला, चाक काढलं. काकू खुर्चीवरून पाहत होत्या.

"एवढी चांगली हाय त कायले खोलता?"

"काही नाही काकू, ग्रीस करून राह्यलो."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे पाहिलं. काका हायवेकडे तोंड करून उभे होते.

"करा बाप्पा," काकू म्हणाल्या. "नीट करा."