झाकण न काढलेला फोटो

भुताखेतांच्या गोष्टी कुणी सुरू केल्या, की मी चहा टाकायच्या निमित्ताने उठून जाणारी बाई. आजही तशीच आहे. तरी हे लिहितेय, कारण घडलं ते भर सकाळी आणि माझ्याच हातून...

लातूर तेव्हा नुकतंच वेगळा जिल्हा झालं होतं. नव्या कचेरीत मी टायपिस्ट म्हणून लागले — आमच्या घरातली पहिली नोकरीवाली मुलगी. पगारातून एक जुना, स्वस्तातला कॅमेरा घेतला. लेन्सचं झाकण हरवलेलं होतं, पण काजळाच्या डबीचं झाकण त्यावर अगदी फिट्ट बसलं. मग दर रविवारी एसटी पकडायची. कधी मुरुडचा बाजार, कधी कंधारचा किल्ला. "कुणाची गं पोर तू?" म्हणत लोक गोळा व्हायचे आणि मी त्यांचेच फोटो काढायचे. उजेडाचा अंदाज चुकायचा, निम्मे फोटो काळे यायचे... पण शिकत होते, आणि त्याची मला भारी ऐट होती.

त्या साली दुष्काळ पडला. माझे मामा देवणीजवळच्या खेड्यात राहायचे. त्यांचा वान्या — पांढरंशुभ्र अंग, काळं तोंड — तसा देवणी बैल आसपासच्या गावांत नव्हता. चारा संपला तेव्हा मामांनी त्याला बिदरकडे, मामीच्या माहेरी धाडायचं ठरवलं. तिथल्या विहिरीला पाणी होतं. पोळ्याला तो घरी नसणार, म्हणून मामांनी पोळा आधीच केला. शिंगं रंगवली, झूल घातली, मामीने ओवाळून पुरणपोळी भरवली. मला खास निरोप होता, "कॅमेरा घेऊन ये. वान्याचा एक फोटो घरात पायजे."

रोलमध्ये एकच फोटो उरला होता. वान्याच्या दोन्ही बाजूंना मामा-मामी उभे राहिले, मामीच्या भावाने दावं धरलं. मी कॅमेऱ्याच्या खिडकीतून नीट बघितलं आणि बटण दाबलं. मग मामीचा भाऊ वान्याला घेऊन निघाला. दोघं वळणाआड गेल्यावर मी झाकण लावायला गेले — तर ते लेन्सवरच होतं.

मला रडूच फुटलं. रडतरडतच मामांना सांगितलं.

"रडू नको," ते म्हणाले. "फोटो न्हाई आला म्हणून वान्या काय कमी देखणा हाय का?"

लातूरला रोल धुवायला दिला. स्टुडिओवाले चाचा एक प्रिंट हातात धरून बराच वेळ बघत राहिले.

"बेटी, बाकी सगळे तुझे. ह्यो शेवटचा कुणी काढला?"

फोटो बाजूने घेतलेला होता. मधोमध वान्या, मान ताठ. शेजारी मामा, मामी, दावं धरलेला भाऊ. आणि समोर मी... कॅमेरा डोळ्याला लावलेला, लेन्सवर काजळाच्या डबीचं झाकण. अंगणात होतो तेवढे सगळे फोटोत. निगेटिव्ह तपासली, तीच पट्टी, कुठेही कापलेली नाही.

वान्या परतला नाही. पाऊस यायच्या आत तिकडेच गेला. मामांकडे राहिला तो हा एवढा फोटो, तो त्यांनी फ्रेम करून बैठकीत लावला. पुढे मी पुष्कळ फोटो काढले, काही प्रदर्शनांतही लागले, पण इतका चांगला एकही नाही. तो कसा आला, हे मला आजही सांगता येत नाही.

मामांना मात्र कधी प्रश्नच पडला नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते फोटोपाशी न्यायचे. "आमच्या भाचीनं काढलाय."

कुणीतरी म्हणायचंच, "अवो, पण ती तर फोटोत हाय. मग काढला कुणी?"

"तिनंच," मामा म्हणायचे. "दुसऱ्या कुणाला येतोय इतका चांगला?"