आधीच भरलेली बंदूक

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. माझ्या साळ्याचा डावा हात फटाक्यानं नाही, बंदुकीनं गेला, हे तिला ठाऊक आहे. ती बंदूक त्याच्या आधी मी भरून ठेवली होती, हे तिला ठाऊक नाही. कोणालाच नाही.

मी नागपुरात एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतो, राहतो प्रताप नगरात. सासुरवाडी कुहीकडची, धानाची. तिथं आजेसासऱ्यांच्या वेळची भरमार बंदूक गंजून पडली होती. नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे टाकायचे, गजानं ठासायचे, एका वेळी एकच बार. ती पाहून मी तशीच नवी बनवली. लायसन्स वगैरे काही नाही. सागाचा दस्ता साळ्यानं बसवला. रानडुकरांपासून धान राखायला, असं आम्ही म्हणायचो. खरं म्हणजे आम्हाला चितळाचं मटण खायचं होतं, आणि एक चितळ मारलंही होतं. गुन्हा आहे हे दोघांनाही माहीत होतं. सासरे मात्र थट्टा करायचे, "जवाईबापू, बंदूक बनवता येते, तं आमच्या घरचा पंखा काहून नाही सुधरत?"

भरमार वरून पाहून भरलेली की रिकामी ते कळत नाही, आणि न उडवता रिकामी करणं कटकटीचं. म्हणून घरात एक रीत होती. भरली की दस्त्याला चिंधी बांधायची, बार उडाला की सोडायची.

दिवाळीला गेलो होतो. दुपारी सगळे जेवून लवंडले, तेव्हा मी गुरांच्या कोठ्यात जाऊन बंदूक भरली. घाई काहीच नव्हती. आपल्या हातची वस्तू, हातात घ्यावीशी वाटली. चिंधी शोधत होतो, तेवढ्यात सासूबाईंनी चहाला हाक मारली. गेलो. राहिलं.

ऊन उतरायला लागलं तसा साळा बंदूक घेऊन शेताकडे पुढे गेला. मी मागाहून पोचलो तेव्हा तो धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, पळसाच्या आड बसून गजानं दारू ठासत होता. गज नेहमीपेक्षा वर राहिलेला मला दिसला. त्याला दिसला नाही, कारण तो चितळांकडे बघत होता. एक मादी आणि तिच्यामागे दोन, पार धानात शिरलेली. त्यानं मला बघून ओठांवर बोट ठेवलं.

मला तेव्हा आठवलं होतं. आठवलंच नाही असं लिहिता आलं असतं, तर बरं झालं असतं. एक शब्द बोललो असतो तर चितळं उधळली असती आणि साळा मला हसला असता. एवढंच झालं असतं. शिवाय वाटलं, दोन बार झाले तरी आपली नळी आहे, सोसेल. त्यानं बंदूक खांद्याला लावली.

नळी खालच्या अंगाला फाटली. धूर विरला तेव्हा चितळं नव्हती. त्यांना काहीच लागलं नव्हतं. साळा हाताकडे बघत बसला होता, ओरडला नाही. मी गळ्यातला दुपट्टा गुंडाळला, त्यातूनही रक्त येतच राहिलं. आवाज ऐकून सासरे धावत आले. मोटरसायकलवर त्याला मध्ये बसवलं, मागे ते बसले. आधी कुहीला नेलं, तिथून नागपूरला. सुतळी बॉम्ब हातात फुटला असं सांगायचं, हे सासऱ्यांनी वाटेतच ठरवलं. दिवाळी होती, कोणी खोदून विचारलं नाही. अंगठा आणि एक बोट वाचलं.

पुढे सासऱ्यांनी बंदुकीचे तुकडे उलटसुलट करून पाहिले. "दुबार भरली असन त्यानं," एवढं म्हणाले आणि तुकडे गावच्या बोडीत, खोल पाण्यात टाकून आले. मी शेजारीच उभा होतो.

हाताचं दुःख साळ्यानं पचवलं असतं. पण वडिलांचं ते वाक्य त्याच्या कानावर गेलं आणि डोक्यात बसलं. आता शेतातली मोटर बंद केली का, हे बघायला तो अर्ध्या वाटेतून परत जातो. धानाच्या कोणत्या बांदीत, कोणत्या तुकड्यात खत टाकलं, हे बायकोला विचारतो. एक हात चालतो, पण लेकराला घेऊन रस्ता ओलांडायची त्याला भीती वाटते.

मध्यंतरी एका लग्नासाठी आमच्याकडे आला होता. मी त्याच्या शर्टाची बटणं लावून देत होतो. हळूच म्हणाला, "भाऊजी, दुपारी मी भरली होती काय हो बंदूक? तुम्ही घरीच होते. मले तं काहीच आठवून नाही राहिलं."

"जाऊ दे न गा आता," मी म्हणालो.

"तसं नाही. तुमच्या नळीत खोट नव्हती, मी सांगतो न. माह्यंच डोकं ठिकाणावर नाही." तो हसला. "तुम्ही काहून तोंड पाडून राहिले?"

गळ्याचं बटण माझ्या बोटांत होतं. ते मी लावलं. मग आम्ही लग्नाला गेलो, जेवलो.

हात मी परत देऊ शकत नाही. पण त्यानं बंदूक एकदाच भरली होती, पहिल्यांदा ती मी भरली होती, आणि तो दुसऱ्यांदा भरताना दिसूनही मी गप्प राहिलो, एवढं सांगण्याचं देणं मी त्याला लागतो. अजून सांगितलेलं नाही.