सूनमुखाचा आरसा

घागरीत वाकण्याआधी मनकर्णा बोटांनी पाणी हलवून घेई. पाणी डहुळले की त्यात तोंड दिसत नाही. शेजारणींना ती सवय वाटे, कुणाला सोवळेपणा वाटे. नवरा चंपतराव मात्र जाणून होता आणि विहिरीवर तिच्या आधी पोहरा सोडून पाणी ढवळून देत असे.

नार्नूरच्या शिवारात, ओढ्याकाठी त्यांची भाजीची वाडी होती. वांगी, कोथिंबीर, वालाच्या शेंगा. आठवड्याच्या बाजारी माल डोक्यावरून जाई. निजामाच्या अमलातला, फसली सन तेराशे चाळीसच्या आसपासचा एक चैत्र. मोहाची फुले वेचायला मनकर्णा पहाटे टेकडीखाली गेली. झाडाखाली आधीच कुणीतरी वेचत होते. अंधुक उजेडात तिला ती घोंगडी पांघरलेली बाई वाटली, आणि तिने हाक मारली. ती अस्वलाची मादी होती. पुढचे मनकर्णाला एवढेच आठवे, की तोंडावर एक ऊन, जड, मोहाचा आंबूस वास मारणारा अंधार पडला आणि श्वास कोंडला. जीव वाचला. नाक गेले.

तेव्हापासून ती पदराचे टोक दातांत धरून बोले. घरातला आरसा तिने स्वतःच्या हाताने मोठ्या जावेकडे, भागाबाईकडे, नेऊन दिला. सोन्याची नथ चिंधीत गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवली. एवढी घडी बसल्यावर दिवस निघत गेले, आणि एक दिवस थोरल्या मुलाचे, धोंडीबाचे, लग्न ठरले. मुलगी उटनूरची, राही नावाची.

लग्न ठरले त्याच दिवशी सूनमुखाचा प्रश्न उभा राहिला. लग्न लागले की नवरदेवाची आई नवरीला जवळ बसवते, दोघींच्या डोक्यावरून शेला ओढतात, आत आरसा देतात. सासूने सुनेचे मुख पहिल्यांदा पाहायचे ते त्या आरशात, आपल्या मुखाशेजारी. मग तिच्या तोंडात साखर घालायची. भागाबाईने आडपडदा न ठेवता सांगितले, की हे काम मोठी जाऊ म्हणून आपण करू. तिच्या बोलण्यात आकस नव्हता, आणि म्हणूनच ते अधिक लागले.

"पोरगी येकडाव भेली, तं जलमभर तुह्या हातचं पाणी पिताना भेईन," भागाबाई म्हणाली.

मनकर्णा पदर दातांतून सोडून म्हणाली, "पोरगा माह्या पोटचा हाये. सूनमुख मीच पाहीन."

बोलून ती चुलीपाशी गेली. आरसा तिने स्वतःच घराबाहेर घातला होता. आणि आता तिने तोच मागून घेतला होता.

निर्मळला पुनकीच्या हलक्या लाकडाची फळे, पाखरे, बाहुल्या घडवणारे नकाश राहत. चंपतराव दर वर्षी त्यांच्या आळीत भाजी विकायला जाई. तिथल्या नरसय्याला त्याने अडखळत विचारले, की लाकडाची माणसे घडतात तसे माणसाला लाकडाचे नाक घडेल काय. नरसय्याने असे काम कधी केले नव्हते. त्याच्या सगळ्या बाहुल्यांना एकच नाक होते, आणि ते त्याच्या बोटांना पाठ होते. होईल न होईल याची हमी न देता त्याने बाईला घेऊन यायला सांगितले.

इच्चोड्यापर्यंत बैलगाडी, पुढे मोटार. नरसय्याच्या पडवीत बाहुल्यांच्या रांगा वाळत होत्या. मनकर्णाने त्यांच्याकडे पाहिले नाही. तोंडाचा साचा घ्यावा लागेल हे तिथे गेल्यावर कळले. तोंडाला तेल चोपडून वर ओली माती थापायची, आणि श्वासासाठी ओठांत एरंडाच्या पानाचा पोकळ देठ धरायचा. ती आडवी झाली. माती डोळ्यांवर आली, गालांवर उतरली, तोंडावर तिचे ओझे बसले, अंधार झाला. आणि टेकडीखालची ती पहाट जशीच्या तशी अंगावर आली. देठ दातांखाली चिरडला. मनकर्णाने दोन्ही हातांनी माती ओरबाडून काढली आणि भिंतीला पाठ लावून धापा टाकत राहिली. नरसय्या घाबरून अंगणात जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या खेपेला चंपतराव उशाशी बसला. धीर कसा द्यावा हे त्या माणसाला ठाऊक नव्हते. त्याने तिच्या कानाशी वाडीतल्या वाफ्यांची हकीकत सांगायला सुरुवात केली. कडेच्या वांग्याला कीड आहे, ती झाडे उपटावी लागतील. कोथिंबीर दाट झाली आहे. ओढ्याकडचा बांध खचला आहे, आणि त्यावरून कुणाची तरी म्हैस येते. मातीखाली मनकर्णा त्या म्हशीमागे वाफ्या-वाफ्यांतून चालत राहिली. माती निघाली तेव्हा चंपतरावाच्या मनगटावर तिची नखे उमटली होती.

नाक तयार झाले. चिंचोक्याच्या खळीत लाकडाचा भुसा कालवून नरसय्याने आतला भाग तिच्या हाडाच्या खळग्याबरहुकूम बसवला होता. बाहेर तिच्या कपाळाशी ताडून गव्हाळ रंग दिला, आणि घामाने उडू नये म्हणून वरून रोगणाचा हात. नथीसाठी बारीक भोकही ठेवले. नाक डिंकाने चिकटवायचे होते. पण नथ घातली की भाराने नाक खाली ओढे. त्यावर उपाय मनकर्णालाच सुचला. जड नथीचा दोरा केसांत खोवण्याची रीत होतीच. तिने दोरा दुहेरी करून आवळून खोवला, आणि नथीसकट नाक जागेवर राहिले. आरसा मात्र तिने पाहिला नाही. बोटे फिरवून पाहिले आणि हात मागे घेतला, कारण बोटांना नाक लागत होते, नाकाला बोटे लागत नव्हती.

हळदीच्या दिवशी सुवासिनींनी रीतीप्रमाणे धोंडीबाला हळद लावून झाल्यावर वरमाईच्या तोंडालाही लावली. गाल, कपाळ, हनुवटी पिवळी झाली. रोगणावर हळद ठरेना. ओघळून नथीवरून ठिपकली. पिवळ्या चेहऱ्यात एकटे नाक कोरडे, गव्हाळ, चकचकीत राहिले. बायकांची गाणी मध्येच थांबली. मागे कुणीतरी फसकन हसली, आणि मनकर्णाला न पाहताच सगळे कळले. घरात जाऊन तिने तेलात हळद कालवून नाकावर चोळली, पुन्हा चोळली. ती निसटतच राहिली. मग डाळीचे पीठ लावून तोंड खरवडले, तर कातडी लाल झाली आणि हळद तशीच.

दाराशी येऊन भागाबाई हळूच म्हणाली, "अजूनबी ऐक. मी बसतो."

मनकर्णाने मान हलवली. ती मान होकाराची की नकाराची हे तिचे तिलाही ठाऊक नव्हते.

उटनूरला दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या. मांडवात उकाडा होता. डिंक मऊ पडत चालल्याचे मनकर्णाला जाणवत होते, आणि नाकाला हात लावायची सोय नव्हती. चंपतरावाने व्याह्याला सगळे आधीच सांगितले होते. व्याह्याने मुलीला काय सांगितले ते कुणालाच माहीत नव्हते. बायकांत मात्र अस्वलाने खाल्लेल्या सासूची कुजबूज चालू होती, आणि मुलीला कान होते.

राहीला आणून शेजारी बसवले. भागाबाईने मनकर्णाच्या मांडीवर आरसा ठेवला, तोच तिच्या घरून गेलेला, आणि वरून शेला ओढला. आत तांबूस उजेड उरला. मनकर्णाने डोळे घट्ट मिटले. तिला मोहाचा वास आला. जवळच राहीच्या बांगड्या किणकिणत असल्याचे ऐकू येत होते, जरासुद्धा न थांबता.

बाहेरून विचारणा झाली, दिसले काय. मनकर्णा म्हणाली, दिसले. शेजारूनही बारीक आवाज आला, दिसले.

आता साखर घातली की झाले. कुणालाही कळणार नव्हते. साखरेसाठी मनकर्णाने डोळे किलकिले केले, आरशाकडे नव्हे, मुलीकडे. राही डोळे आवळून बसली होती. पापण्यांच्या कडेने काजळ गळत होते, आणि सगळे अंग थरथरत होते.

"राही," मनकर्णा पुटपुटली. "डोये काऊन मिटले व?"

राही डोळे न उघडताच म्हणाली, "मले भेव वाटते." आणि थोड्याने, "तुमी पाह्यलं का मले?"

"न्हाई. मीबी मिटूनच होती."

"तुमाले कायचं भेव?"

"याचंच. आरशाचं."

बांगड्या क्षणभर थांबल्या. "मंग आता?"

"मंग आता पाहा लागते."

"आधी तुमी."

"आधी मी न्हाई," मनकर्णा म्हणाली. "संगच पाहू."

दोघी वाकल्या. आरशात एक पोरसवदा पिवळे तोंड होते, काजळ पसरलेले. शेजारी एक मोठे पिवळे तोंड, त्यात कुणा बाहुलीकडून मागून आणल्यासारखे नाक, घामाने एका अंगाला कललेले. हेच ते, एवढी वर्षे चुकवलेले. राहीचा श्वास अडकल्याचे मनकर्णाला ऐकू आले. पण राहीने मान वळवली नाही. ती पाहत राहिली.

"आत्याबाई," ती म्हणाली, "नथ वाकडी झाली तुमची."

तिचा हात वर आला. बोटे थंडगार होती. नथीचा दोरा शोधताना ती दोनदा चुकली. तिने दोरा ताणून केसांत खोवला. आरशातले नाक सरळ झाले. मनकर्णाने साखरेची चिमूट उचलली. निम्मी साखर आरशावर सांडली, आणि उरलेली तोंडात घालताना राहीचे दात तिच्या बोटावर कडकड वाजले.

"काय वं, निजल्या का काय दोघी?" भागाबाईने शेल्याचे टोक उचलू पाहिले.

राहीने आतून ते धरून ठेवले.

"थांब," मनकर्णा म्हणाली. "पाहून राह्यलो आमी."