एका सोबत्याची सवलत

तुम्ही घरच्यांसोबत शेवटचं म्युझियम पाहिलंत, तेव्हा तुमच्यापैकी बाहेर कोण बसलं होतं?

कुणीच नाही, असं उत्तर असेल तर मी हे तुमच्यासाठीच लिहिते आहे. आमच्याकडे कायम आई बसते. बागेच्या फाटकाबाहेर, प्रदर्शनाच्या मांडवाबाहेर, जिथं सावली मिळेल तिथं. मांडीवर पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली आणि धाकटीचा जास्तीचा फ्रॉक.

धाकटी म्हणजे माझी बहीण. तेरा वर्षांची आहे. बोलत नाही, पण मनासारखं काही दिसलं की गुणगुणते. अनोळखी जागी चालायचं तर तिला दोन्ही बाजूंनी घरच्यांचे हात लागतात. एक हात सुटला की ती थांबते आणि रिकामा पंजा तसाच हवेत धरून ठेवते. घाई करत नाही, ओरडत नाही. हात येईपर्यंत वाट पाहते, बस.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी आम्ही तिघी म्युझियमला गेलो. वडील हिंगण्याला शिफ्टवर होते. ते कारखान्यात काम करतात आणि युनियनची पत्रकंही तेच लिहितात. मी अक्षरं त्या पत्रकांवरच गिरवली. आमच्या डब्यातली पोळीसुद्धा जुन्या पत्रकात गुंडाळलेली असायची. त्यामुळे कुठल्याही तिकीट खिडकीपुढे उभी राहिले की आधी फलक वाचायचा, ही माझी सवय.

फलकावर लिहिलं होतं : दिव्यांग मूल आणि एक सोबती यांना सवलत.

आईनंही ते वाचलं आणि लगेच झाडाखालची जागा हेरली.

"तुम्ही दोघी जा. मी बसते इथंच."

"मी माझं पूर्ण तिकीट काढते ना, आई."

"काहून? तेवढ्यात हिच्या ऑटोचं भागते. आन् मले काय समजते त्यातलं?"

धाकटीला बसच्या गर्दीत नेता येत नाही. शाळा, दवाखाना, व्यायामाचा वर्ग, सगळीकडे ऑटोच लागते. आई स्वतःवरचा प्रत्येक खर्च या ऑटोशी तोलते आणि दर वेळी ऑटोच जिंकते. त्यात आता फलकानंच सांगून टाकलं होतं की एक सोबती पुरे. तिला न जायला छापील कारण मिळालं. मला राग आला तो त्याचा.

मी खिडकीतल्या बाबूंशी बोलू लागले. अशा घरांना सवलत कशासाठी असते, ती मेहेरबानी आहे की हक्क, वगैरे. आईनं मागून माझी ओढणी ओढली.

"इथं सभा नको भरवू वं. मागं लाईन लागली."

बाबू काही वाईट नव्हते. "ताई, मी फलक बनवला नाही," म्हणाले आणि मला दोन तिकिटं दिली.

मी धाकटीला घेऊन दारापर्यंत गेले. तिचा उजवा हात माझ्या हातात, डावा पंजा हवेत. उंबऱ्याशी ती थांबली. मागं वळून तिनं झाडाखाली बसलेल्या आईकडं पाहिलं. मग शांतपणे दारातच मांडी घालून बसली.

लोक अडले. कुणी बाजूनं अंग चोरून गेलं, कुणी चपला वाजवत उभं राहिलं. दारावरच्या पहारेकरी बाई खाली वाकल्या.

"काहून बसली वं माय?"

आई धावत आली, ओशाळलेली. "तिले दोन्हीकडून माणूस लागते, बाई. आत्ता उठवते."

बाईंनी धाकटीचा पंजा पाहिला, आईला पाहिलं आणि खिडकीकडं तोंड करून हाक मारली, "बाबूजी, हिले दोन माणसं लागते!"

"नियमात एकच आहे."

"मंग तुमच्या नियमालेच पाठवा इकडं. तोच हिले उचलून आत नेऊन ठेवंन."

लाईन हसली. बाबूही हसले. "जाऊ द्या तिघींना. पण आजच्यापुरतं, हं."

वडिलांनी आयुष्यभर धरणं धरलं. घोषणा, मागण्या, सतरंजी, सगळं साग्रसंगीत. आमच्या घरातलं सगळ्यात लवकर मिटलेलं धरणं मात्र धाकटीचं. संध्याकाळी त्यांना हे सांगितलं तर इतके हसले की चहा सांडला. म्हणाले, "हिलेच अध्यक्ष करा लागते आता."

आत गार होतं. धाकटीनं एका जाड खांबाला गाल लावला आणि गुणगुणू लागली. आम्ही तिच्या दोन बाजूंना उभ्या. समोर काचेच्या कपाटात चांदीचे जुने दागिने होते. वाळे, तोडे, गळ्यातली जाड सरी.

आई वाकली. कपाटातली चिठ्ठी तिनं ओठ हलवत पूर्ण वाचली. मग पुन्हा सरीकडं पाहिलं.

"माझ्या मावशीची अशीच होती. नरखेडले. पण हा पीळ कसा घातला असंन वं? तार तापवून का थंडच?"

मी दागिने सोडून तिच्याकडंच बघू लागले. आई प्रश्न खूप विचारते. डॉक्टरांना, शाळेतल्या बाईंना, ऑटोवाल्याला. ते सगळे धाकटीचे प्रश्न. हा मात्र तिचा स्वतःचा होता. काचेवर तिचा श्वास उमटला आणि तिनं तो पदरानं पुसला, नीट दिसावं म्हणून.

तेवढ्यात एक शाळेची सहल आली. मुलांचा आवाज छताला धडकून परत यायला लागला. धाकटीनं आमचे हात सोडून कान झाकले. अशा वेळी बाहेर पडावं लागतं, लगेच. आम्ही पडलो. ती झाडाखाली थोड्या वेळात निवळलीही. पण आता दारावर दुसरा पहारेकरी होता. एकदा बाहेर पडल्यावर तेच तिकीट चालत नाही, म्हणाला. बरोबरच होतं. फलकावर तसं लिहिलेलंच होतं.

आई म्हणाली, "राहू दे. पायलं ना येवढं."

ऑटोत मात्र तिनं विचारलं, "त्या पलीकडच्या खोलीत काय होतं वं?"

त्यानंतर मी दोनदा म्युझियमवरून गेले आणि मुद्दाम थांबून फलक वाचला. तो बदललेला नाही. आजच्यापुरतं म्हणजे त्या दिवसापुरतंच. पुन्हा जाऊ म्हटलं की आई ऑटोचा हिशेब काढते, आणि मी पलीकडच्या खोलीत एकटीनं जाऊन तिला वर्णन सांगणार नाही. ती खोली तिनं स्वतः पाहायची आहे.

सवलत मूल किती अपंग आहे यावर मोजायची नसते. ते मूल बाहेर पडावं म्हणून जेवढी माणसं लागतात, तेवढ्यांसाठी ती हवी. आणि जे घर थोडा वेळच आत राहू शकतं, त्याला त्याच तिकिटावर परत आत येऊ द्यायला हवं.

म्हणून एक करा. तुमच्या गावातल्या म्युझियमला या महिन्यात जा आणि खिडकीशी दोन गोष्टी विचारा : अशा मुलासोबत लागतील तेवढ्या माणसांना सवलत आहे का, आणि मध्येच बाहेर पडलं तर परत आत घेतात का? उत्तर नाही असं आलं तर तिथल्या अभिप्राय वहीत तसं लिहा, खाली सही करा. तुमच्या घरी असं मूल नसेल, तर आधी तुम्ही जा.