पंपाचा करार आणि चहावरचा दर

निपाणीत आमचं शेतीच्या पंपांचं दुकान आहे. माझ्या वडिलांचे, आप्पांचे, गुडघे धरल्यापासून मीच बघते. एकदा सीमेपलीकडच्या कागलच्या एका शेतकऱ्यानं पंप पसंत केला, तेवढ्यात कंपनीच्या माणसाचा फोन आला. बोलता बोलता मी गिऱ्हाइकाचं सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, तुमचा एरिया कर्नाटक. महाराष्ट्रात विकायचं नाही. करारात आहे."

"मी कुठं महाराष्ट्रात गेले? तेच इकडं आलेत की."

पंप मी दिला. पण दुपारी कपाटातला करार काढून पहिल्यांदाच नीट वाचला. ती अट खरंच होती. अशी अट चालते का, हे काही डोक्यातून जाईना. शेवटी बेळगावची बस धरली. माझी कॉलेजची मैत्रीण वकील आहे, तिथंच पिरनवाडीला राहते.

तिनं करार वाचला. "कंपनी आणि दुकानदारातली अशी अट आपोआप बेकायदा ठरत नाही. तिच्यामुळं बाजारातली स्पर्धा खरंच कमी होते का, ते बघतात. तुमच्याकडं दुसऱ्या कंपन्यांचे पंप मिळतात?"

"लई मिळतात."

"मग भांडणं अवघड. पण कंपनीला लेखी विचार तरी."

चहा घेताना मी सहज म्हटलं, "आम्ही दुकानदारांनी मात्र पंप बसवायचा एकच दर ठरवलाय."

तिनं कप खाली ठेवला. "लिहून?"

"न्हाय गं, असाच चहा पिताना. तोंडी."

"तोंडी असला तरी करारच. स्पर्धकांनी मिळून दर ठरवला की स्पर्धेचं नुकसान झालं, असंच कायदा धरून चालतो. झालं नाही, हे तुम्ही दाखवायचं."

गेले होते कंपनीची तक्रार घेऊन, आणि चूक आमचीच निघाली. लाज वाटली. पण परतीच्या बसमध्ये मी हेच आठवत होते, की आजवर आम्ही आणखी काय काय असं बोलून ठरवलं होतं.

मी पाठवलेल्या पत्राला कंपनीचं उत्तर महिन्यानं आलं: कागलात जाऊन जाहिरात करू नका, दुकानात आलेल्याला विका. इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं.

दुकानदारांच्या बैठकीत मी दराचं बोलले. सगळ्यांत जुने दुकानदार चिडले. "आपापसात बोलायचं बी न्हाय व्हय?"

"बोलायचं की, अण्णा. दर तेवढा ज्याचा त्यानं ठरवायचा."

 आठवड्याभरात अण्णांनीच आपला दर माझ्यापेक्षा खाली आणला. मग मलाही उतरावं लागलं.