धाकटीचा स्वतःचा टॉप

घरात तिला सगळे धाकटीच म्हणत. वयाची पंचेचाळिशी आली, केसांत पांढरं दिसायला लागलं, चष्म्याच्या दुकानात नोकरी मुरली, तरी धाकटीच. कारण तिच्या आधी ताई होती, आणि ताई असणं हे काही थोडंथोडकं काम नव्हतं. ताई उंच, रुंद खांद्यांची, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, आणि कपड्यांची भारी हौशी. हौस अशी की एखादा कपडा तीन-चारदा अंगाला लागला की ताईचं मन त्यावरून उडे. मग तो कपडा पिशवीत जाई आणि पिशवी धाकटीकडे येई.

"नव्यासारखेच आहेत गं," ताई म्हणे. "जेमतेम चारदा घातलेत."

ही रीत आईने पाडलेली. ताईला आखूड झालेला फ्रॉक धाकटीच्या अंगावर चढवायचा, त्याचे खांदे हिच्या कोपराकडे निघालेले बघायचे आणि म्हणायचं, "वाढत्या अंगाची आहे, होईल पुढे." धाकटीने प्रामाणिकपणे वाढून पाहिलं. पण तिचे खांदे एकदा थांबले ते थांबलेच. आईचा शब्द खोटा पाडल्याबद्दल घरात कोणी त्यांना कधी माफ केलं नाही.

तर धाकटीच्या कपाटात सगळी ताईच भरलेली होती. शिलाई मशीनसुद्धा ताईचं. ताईने ते मोठ्या उत्साहाने घेतलं, त्यावर एक उशीचा अभ्रा शिवला आणि जागा अडते म्हणून इकडे पाठवून दिलं. नवरा तेवढा नवा मिळाला होता, निदान तसं सांगण्यात आलं होतं. कोणी धाकटीला म्हणालं, "काय सुंदर शर्ट आहे हो," की पुढचं वाक्य ठरलेलं असे: "तुमच्या ताईंची निवडच छान!" धाकटी हसून मान डोलवी आणि ते कौतुक संध्याकाळी फोनवरून ताईकडे पोचतं करी. ताई ते ठेवून घेई.

दुकानात मात्र धाकटी मापाच्या बाबतीत फार कडक. गिऱ्हाईक समोर बसलं की ती छोटी पट्टी धरून त्याच्या दोन बुबुळांमधलं अंतर मोजायची, नाकाची रुंदी बघायची, कानामागे काडी किती वळवायची ते बोटाने चाचपायची. कोणी म्हणालं, "सध्या भावाचाच चष्मा वापरतोय, चालतंय," की ती उखडायची. "चालतं कसं? दुसऱ्याच्या मापाचा चष्मा घालून डोकं दुखणार नाही तर काय होणार?" हे सांगताना तिच्या स्वतःच्या शर्टाला आतून दोन सेफ्टी पिना लावलेल्या असत, आणि त्यातली एक हमखास टोचत असे.

माशी शिंकली ती एका आरशामुळे. दुकानात आरसे भरपूर होते, पण सगळे तोंडापुरते. यंदा मालकीणबाईंच्या मनात आलं की चष्मा पूर्ण पोशाखावर कसा दिसतो ते गिऱ्हाइकाला कळलं पाहिजे, म्हणून त्यांनी दाराशी उभा, डोक्यापासून पायापर्यंतचा आरसा बसवला. पहिल्याच दिवशी धाकटी फ्रेमचा खोका घेऊन त्याच्यापुढून गेली आणि थबकली. आरशात ताईचा शर्ट चालला होता. आत कोणीतरी होतं, पण फारसं महत्त्वाचं नसावं.

त्या दिवशी तिने मनाशी ठरवलं. यंदाची ताईची पिशवी यायच्या आत आपल्या अंगावर एक तरी कपडा असा हवा, जो आधी दुसऱ्या कोणाचा नव्हता. एकच. उन्हाळी, सुती, बिनबाह्यांचा टॉप. तयार विकत घ्यायचा नाही, कारण तयार कपडेही दुकानदाराने कोणा ताईलाच डोळ्यापुढे ठेवून आणलेले असतात असा तिला संशय होता. आपणच शिवायचा. दुसऱ्या दिवशी तिने दुकानात जाहीरही करून टाकलं. हे जाहीर करणं तिला पुढे चांगलंच भोवलं.

कापड तिने पिवळं घेतलं. ताईला पिवळा रंग बघवत नसे, हे त्याचं मुख्य कारण. दुसरं कारण तिला शोधावं लागलं नाही.

शिकवायला मोबाइलमध्ये एक मुलगी होती. तिची नखं लांब आणि रंगवलेली, कात्री सोनेरी, आणि ती सारखी हसत होती. शिवणकाम करताना इतकं हसू येत असेल तर आपण आजवर एका मोठ्या सुखाला मुकलो, असं धाकटीला वाटलं. मुलगी म्हणत होती, "अगदी सोप्पं आहे! कपाटातला तुमचा नीट बसणारा एक टॉप घ्या, घडी घालून कापडावर ठेवा, भोवतीने खडूने रेघ मारा, शिवणीपुरतं जास्त कापड सोडा आणि कापा. झालं!"

धाकटीने कपाट उघडलं. त्यातल्या त्यात नीट बसणारा असा एक पांढरा टॉप काढला, जेवणाच्या टेबलावर पिवळं कापड पसरलं आणि रेघ मारली.

"कापायच्या आधी विचार कर हो नीट," नवरा सोफ्यावरून म्हणाला. उंटावरून शेळ्या हाकायला त्याला सोफ्याइतकी उंची पुरत असे.

"केलाय विचार."

"नाही, एकदा कापलं की कापलं."

"अहो, माहितीये मला."

आणि तिने कापलं. गळ्याची तिरकी पट्टी तिने दोनदा उसवली. काखेजवळचा एक मुंढा उलट्या बाजूने शिवला गेला, तोही उसवला. बॉबिनमधला दोरा तर असा गुंतायचा की मशीनलाही ताईची आठवण येत असावी. मोबाइलमधल्या मुलीच्या हिशेबाने अर्ध्या तासाच्या टॉपला सुटीचे दोन दिवस लागले, कमरेचा काटा ढिला झाला, नवऱ्याला दोन्ही दिवस बाहेरून जेवण आणावं लागलं आणि त्याने ते एखादा किल्ला सर केल्याच्या थाटात आणलं. पण टॉप झाला. दुमड सरळ, टाके बारीक, गळा गोल. धाकटीने तो हातात धरला तेव्हा तिला खरोखर भरून आलं. मग तिने तो घातला.

खांदे उतरलेले होते.

तिने नीट ओढून पाहिले, ताठ उभी राहून पाहिलं, श्वास रोखून पाहिला. खांदे आपले कोपराच्या दिशेला. मुंढे खाली लोंबत होते. कुठे चुकलं म्हणून तिने तो पांढरा टॉप त्याच्यावर ठेवून पाहिला, तर दोन्हींच्या कडा तंतोतंत जुळल्या. चूक कुठेच नव्हती. पांढरा टॉप ताईचा होता. कपाटातला कुठलाही घेतला असता तरी तो ताईचाच निघाला असता. दिवसभर परक्यांच्या नाकांची मापं घेणाऱ्या या बाईने दोन दिवस राबून, पाठ मोडून, स्वतःच्या हाताने ताईचा आणखी एक जुना कपडा तयार केला होता, आणि तोही पिवळा.

ती पलंगाच्या कडेला बसली आणि रडली. फार नाही, पण रडली.

कापड उरलं नव्हतं, आणि दुकानात तर सगळे वाट बघत होते. मग धाकटीने जन्मभराची विद्या कामाला लावली. सोमवारी तिने टॉपच्या खालच्या टोकांची कमरेशी गाठ मारली आणि मागून पिना लावल्या. मंगळवारी रुंद पट्टा आवळून तो पँटमध्ये खोचला. बुधवारी खांद्यावरून स्कार्फ सोडून दोन्ही बाजू झाकल्या. गुरुवारी तर बिनबाह्यांचा तो उन्हाळी टॉप तिने पूर्ण बाह्यांच्या शर्टावर चढवला आणि दिवसभर घामाने निथळत लोकांना हवेशीर गॉगल दाखवले.

मालकीणबाईंनी तोंडात बोटं घातली. "अहो, एका टॉपचे चार अवतार! काय कल्पकता आहे तुमच्यात! आणि मी तुम्हाला इतके दिवस नुसत्या फ्रेमा पुसायला लावत होते." त्यांनी प्रत्येक अवताराला वेगळा चष्मा लावून त्या नव्या आरशापुढे तिचे फोटो काढले आणि दुकानाच्या पानावर टाकले. खाली लोकांनी वाहवा केली. कोणी विचारलं, हे खांद्यावरून घसरतं वळण मुद्दाम दिलंय का? मालकीणबाईंनीच उत्तर दिलं: अर्थात! धाकटीने मूग गिळले. आयुष्यात पहिल्यांदा कौतुक थेट तिच्या पदरात पडलं होतं, आणि तेही लपवाछपवीचं.

फोटो ताईने पाहिले. रविवारी ताई दोन पिशव्यांसकट हजर.

"हे घे, उन्हाळ्याचे," दारातच पिशव्या तिच्या हातात देत ताई म्हणाली. "नव्यासारखेच आहेत. आणि कुठेय तो तुझा पिवळा? बघू तरी. पिवळा म्हणजे मला शिसारीच, पण फोटोत बरा दिसत होता."

टॉप दाराच्या खुंटीला टांगलेला होता. ताईने तो काढला, उलटसुलट केला, शिवण पाहिली आणि आतल्या खोलीत जाऊन सरळ घालूनच आली.

तो तिला असा बसला की काही बोलायलाच नको. खांदे जागच्या जागी, मुंढे चापूनचोपून, गळा गळ्याशी. ताई आरशापुढे फिरली, थांबली, पुन्हा फिरली.

"अगं!" तिचे डोळे चमकले. "हा माझ्यासाठी शिवलास तू?"

"तर काय!" नवरा उत्साहाने म्हणाला. त्याला वाटलं, आपण प्रसंग सांभाळला.

"नाही," धाकटी म्हणाली. "माझ्यासाठी शिवला होता."

"मग मला कसा काय इतका..."

"तुझ्या टॉपवरून कापला म्हणून. माझ्या कपाटात माझ्या मापाचं काही नव्हतंच ना."

ताई हसली. "काहीतरीच. तुला माझे सगळे बसतात की. इतकी वर्षं घालतेयस."

"बसत नाहीत, ताई. मी बसवते."

असं म्हणून तिने अंगातल्या शर्टाची कॉलर मागून उलटी करून दाखवली. आत पिना होत्या. खांद्याला आतून घातलेली चिमटीएवढी घडी होती, ती सुईदोऱ्याने कच्ची टाचलेली. एक पीन ताईच्या बोटाला लागली आणि ताईने हात मागे घेतला. तिचा चेहरा पडला. ताईने जन्मात कधी कोणाचं वाईट चिंतलं नव्हतं, उलट पिशवी भरताना चांगलेचुंगले कपडे ती मुद्दाम वर ठेवायची.

मशीनवर टेप पडलेली होती. ताईने ती उचलली.

"उभी राहा बघू सरळ."

"राहू दे गं."

"राहा म्हणते ना!"

धाकटी पाठमोरी उभी राहिली. ताईने टेपचं टोक एका खांद्यावर धरलं, दुसरं टोक ओढलं, आकडा पाहिला. टेप घसरली असेल असं वाटून पुन्हा लावली. मग तिसऱ्यांदा लावली. दुसऱ्या खांद्यावरचा ताईचा हात तिथेच राहिला.

"एवढुशी आहेस तू?" ताई म्हणाली.

नवऱ्याला तेवढ्यात चहाची आठवण झाली आणि तो स्वयंपाकघरात गेला. त्याने आयुष्यात केलेल्या शहाणपणाच्या गोष्टींत ही एक.

निघताना ताई टॉप उतरवायला लागली तर धाकटीने अडवलं. "ने तू. नव्यासारखाच आहे. जेमतेम चारदा घातलाय."

ताईने तिच्याकडे टक लावून पाहिलं, तिच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि पिवळा टॉप अंगात घालूनच घरी गेली. दोन पिशव्यांपैकी एक तिने परत नेली. दोन्ही परत नेण्याइतकी माणसं एका रविवारात बदलत नाहीत.

दुसरा टॉप धाकटीने हिरव्या कापडाचा शिवला. या वेळी कापडावर कुठलाच जुना टॉप ठेवला नाही. ताईने त्या रविवारी टेपने घेऊन एका बिलाच्या पाठीवर लिहून दिलेले धाकटीचे स्वतःचे आकडे समोर ठेवले. मुंढा या वेळीही एकदा उसवावा लागलाच. टॉप अंगात गेला, खांदे खांद्यांवर टेकले आणि तिला वाटलं, अजून काहीतरी करायचं राहिलंय. ती पिना शोधायला लागली. मग लक्षात आलं की काहीच करायचं नाहीये.

दुकानात मालकीणबाई जरा हिरमुसल्या. "आज साधाच? गाठ नाही, पट्टा नाही... कंटाळलात का?" त्यांनी मोबाइल काढला होता, तो परत ठेवून दिला. एकाही गिऱ्हाइकाने टॉपबद्दल चकार शब्द काढला नाही. धाकटी दिवसभर त्या उभ्या आरशापुढून विनाकारण येत-जात राहिली.

संध्याकाळी ताई आली. तिला जवळचं दिसेनासं झालं होतं आणि चष्मा लागला होता. धाकटीने तिला खुर्चीवर बसवलं, बुबुळांमधलं अंतर मोजलं, नाकावर एक फ्रेम ठेवली. ताई आरशात बघायचं सोडून तिच्याकडेच बघत होती.

"फिरून दाखव बरं," ताई म्हणाली. धाकटी फिरली. ताईने हात पुढे करून कापड दोन बोटांत धरून पाहिलं, शिवणीवरून अंगठा फिरवला, आणि सवयीने बोलून गेली, "मस्त झालाय गं. मला होईल का हा?"

"नाही, ताई," धाकटी म्हणाली. "तुला नाही व्हायचा."

आणि तिने ताईच्या नाकावर तिरकी बसलेली फ्रेम सरळ केली.