कपाटाची पाठ

लाकडी सामानाचं वय मागून कळतं, हे तुम्हीच या ग्रुपवर सांगितलंत. म्हणून आज लालबागच्या खोलीतलं आजोबांचं कपाट भिंतीपासून ओढलं. आजोबा सांगायचे, ब्रिटिशांच्या काळातलं आहे, एका साहेबाच्या लिलावात घेतलं.

बाजू सागवानी, हाताने रंधा मारलेल्या. पण पाठीला बिजागऱ्यांच्या खाचा आणि कडीच्या जागी लाकूड फुटलेलं. ती पाठ नव्हतीच, जुनं दार होतं.

आत्याला फोन लावला.

"आपल्याच खोलीचं दार ते," ती म्हणाली. "संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी पोलीस तुझ्या आजोबांना न्यायला आले, तेव्हा फोडलं. मी आतून धरून उभी होते, सहा वर्षांची. नंतर ते दार दिसलं की मी रडायचे. आजोबांना तर ते टाकवेना, म्हणून सुताराकडून त्याची पाठ करून घेतली आणि भिंतीकडे तोंड."

उद्या कपाटाला गिऱ्हाईक येतंय. तो म्हणतो, फुटकी पाठ काढून प्लाय ठोकतो, मग अस्सल ब्रिटिश माल.

दुपारपासून मी नुसता येरझाऱ्या घालतोय. नव्या घरात कपाट मावत नाही. दार मावेल. पण आत्याही तिथेच राहायला येतेय. तुम्ही ते दार ठेवलं असतं?